गच्चीवरचं युरेनियम

अंबडच्या त्या कॉलेजच्या गच्चीवर सुमेधानं सहा उन्हाळे काढले. माणसं उन्हात पापड घालतात, ही बाई युरेनियम ठेवायची! ॲसिडात विरघळलेलं पिवळंजर्द युरेनियम उन्हात तासाभरात हिरवं व्हायचं. युरेनियमचं असं रूप पालटायचं तर उजेडासोबत द्रावणात थोडं अल्कोहोल लागतं, हे पुस्तकांत आहेच. सुमेधानं अल्कोहोलचा थेंबही घातला नव्हता. नुसता उजेड आणि ॲसिड. याच शोधावर तिची पीएचडी उभी होती. प्रबंध बांधून तयार होता, शेवटची मुदतवाढ सोमवारी संपणार होती, आणि शुक्रवारी तिला त्या हिरव्या रंगाचा आणखी एक फोटो काढायची हौस आली.

प्रयोगशाळेतला कंत्राटी मदतनीस कल्याणमामा त्या दिवशी रजेवर होता. म्हणून तिनं फ्लास्क स्वतःच धुतला, डिस्टिल्ड वॉटरनं खळबळला, वाळवला आणि भरून उन्हात ठेवला. तास गेला, दोन गेले. पिवळंच. दुसरा फ्लास्क, तिसरा फ्लास्क. ऊन कलेपर्यंत सगळे पिवळेच.

शनिवारी कल्याणमामा आला.

"आष्टीला लग्नाला गेल्तो, ताई. काय झालं? तोंड उतरलंय."

"मामा, माझे फ्लास्क तुम्ही कसे धुता?"

"लई जपून! टँकर आठ-आठ दिवस येत न्हाई, मंग थोड्या पाण्यात धुतो आन् शेवटी स्पिरिटनं खळबळतो. जल्दी वाळतात, बिलकुल चकाचक. बाकीच्यांचे न्हाई हां, फकस्त तुमचे."

स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. फ्लास्कच्या तळाशी राहिलेल्या चार थेंबांनी सहा वर्षं तिचं युरेनियम हिरवं केलं होतं. मामावर ओरडावं तरी कसं? आपली भांडी आपण धुवावीत, हे बीएस्सीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मॅडम झाल्यावर तिनं ते सोडून दिलं होतं. तिला स्वतःची चीड आली, आणि मग नुसतं रडू आलं.

ती तशीच मार्गदर्शक भागवत सरांकडे गेली. सरांनी सगळं ऐकलं आणि कपाळ चोळलं.

"प्रबंध देऊ नकोस. मुदतीसाठी अर्ज कर. मदतनीसानं न विचारता स्पिरिट वापरलं, असं स्पष्ट लिही. दुसऱ्याची चूक असली तर समिती वर्षभर देईल."

"आणि माझी असली तर?"

"तर नोंदणी रद्द. पण तुझी कुठंय?"

त्या अर्जाचं पुढं काय होणार, हे तिला ठाऊक होतं. चौकशी लागली की कंत्राटी माणसाला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात. आणि खरं सांगायचं तर, सहा वर्षांत एकदाही न विचारण्याची चूक मामाची नव्हती. सोमवारी दुपारपर्यंत तिनं तीन कागद फाडले. डॉक्टर व्हायचं होतं तिला, फार व्हायचं होतं. चौथ्या कागदावर तिनं लिहिलं, 'फ्लास्क मी स्वतः स्पिरिटनं धुतले होते.' खाली सही केली आणि कागद सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी तो दोनदा वाचला.

जिन्यात कल्याणमामा भेटला.

"ताई, मंग डॉक्टर कधी होऊन राह्यले?"

"नाही होणार, मामा. प्रयोग चुकला."

मामाचा चेहरा पडला.

"असं कसं? भांडे खराब राह्यले असतील तर सांगा ना. मी आत्ता पुन्हा धुऊन देतो."