आणखी दोन दिवस बांधा

जन्मात कधी विळीवर न बसलेला माणूस आज सकाळी वांगी चिरायला बसला आणि त्यानं बोट कापून घेतलं. उद्याच्या एस.टी.नं मी एकटी गावी निघाले होते. जळगावला पोराच्या, ललितच्या फ्लॅटात आलो तेव्हा हे म्हणाले होते, दिवाळीला परत जाऊ. मग म्हणाले, अखाजीला, अक्षय्य तृतीयेला. अखाजीही गेली. शेवटी मी रागानं पिशवी भरली. तरी ह्या माणसानं 'थांब' म्हटलं नाही, त्याचाच जास्त राग आला होता.

ललित म्हणाला, "माय, एवढ्यासाठी मोठ्या हॉस्पिटलात नको, दिवस जाईल. रिंग रोडच्या नव्या दवाखान्यात ने. सर्दी-खोकला, कापलं-मुरगळलं, सगळं नंबर न लावता बघतात."

गेलो. खुर्ची गरम व्हायच्या आत बोलावलंसुद्धा! कुणी विचारलं नाही, कुठलं गाव, काय दुखतं. मेला हा काय दवाखाना!

दवाखाना होता तो आमच्या एदलाबादच्या तोताराम डॉक्टरांचा. आता त्या गावाला मुक्ताईनगर म्हणतात. ओट्यावर अर्धा अर्धा दिवस बसायचं, एकमेकांची दुखणी ऐकायची, जमलंच तर सोयरीकही. मी बापाला दम्याच्या इंजेक्शनला न्यायची. समोर एक पोरगा बसलेला असायचा. केळीचा घड कापताना हाताला विळा लागलेला, सदऱ्यावर चिकाचे डाग, रोज पट्टी बांधायला हजर. बोलायचा मात्र एक शब्द नाही.

एक दिवस डॉक्टर ओरडले, "चुडामण, जखम तं भरली रे! आता कशाले येतो?"

तो मान खाली घालून म्हणाला, "आनखी दोन दिवस बांधा, डॉक्टर."

अख्खा ओटा हसला. माझा बाप तर इतका हसला की त्याला ढास लागली. पुढच्या आठवड्यात ह्यांचे वडील आमच्या दारात उभे होते. किती छान दिवस होते ते!

"काका, वरवरचं कापलंय," इथली डॉक्टरीण पोरगी पट्टी बांधत म्हणाली. "उद्या पट्टी काढलीत तरी चालेल. परत यायची गरज नाही."

मी उठले. हे उठेनात. मान खाली घालून म्हणाले, "आनखी दोन दिवस बांधा, डॉक्टर."

"कशाला, काका?"

मी मटकन खुर्चीत बसले. "अहो, 'थांब' म्हनता येत नही का सरळ तोंडानं?"

"येत असतं तं तवाच म्हटलं नसतं?" हे पुटपुटले. "दोन दिवस थांब. मंग दोघंबी जाऊ. मीच येतो संगं."

मला रडू फुटलं. ती पोरगी बिचारी घाबरली. पाणी पुढं करत म्हणाली, "काकू, अहो, साधी जखम आहे. काही होत नाही."

"तुम्ही बांधा वो," मी म्हटलं. "उद्या मी आनते ह्यांले."