ऐकू आलं नाही, परत म्हण

गिरणीचा पट्टा फिरायला लागला की गिरणीकाकूची लेक पुस्तक घेऊन दगडांच्या बाजूला उभी राहायची आणि ओरडायची. प्रकाशाचे नियम, अवयवांची कामं, गणितातली सूत्रं, जे त्या दिवशी वाट्याला येईल ते. दळण घेऊन आलेल्या बायकांना पहिले काही दिवस वाटलं, मायलेकींचं भांडण चाललंय. मग सवय झाली. आता तर पाणवठ्याजवळची म्हातारी, जिला स्वतःचं वय सांगता यायचं नाही, ती डबा डोक्यावर घेता घेता त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज सांगायची.

काकूची शिकवायची पद्धत एकच होती. पोरीचं उत्तर संपलं की पिठात हात घालून ती म्हणायची, "ऐकू आलं नाही. परत म्हण." पोरगी परत म्हणायची. काकू पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पोरीच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या, आणि मग काकू मान हलवायची. उत्तर बरोबर की चूक याच्याशी तिचा संबंध नव्हता. पोरीला वाटायचं, आई फार कडक आहे. गावालाही तेच वाटायचं.

खरी गोष्ट एवढीच होती की काकूला ऐकू येत नव्हतं. नवरा गेल्यापासून ती या गिरणीत उभी होती, आणि गिरणीनं तिचे कान हळूहळू दळून टाकले होते. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही पडत नव्हती, कारण गिरणीत कुणालाच काही ऐकू येत नाही. बाहेर पडली की ती फारसं बोलायचीच नाही, आणि लोक म्हणायचे, बाई मोठी गंभीर आहे.

पोरीनं शहरात जाऊन नर्सचं शिक्षण घ्यावं, हे काकूनं मनाशी पक्कं केलं होतं. त्यासाठी शाळेची शेवटची परीक्षा पास होणं भाग होतं. नापास झाली तर पट्ट्याशेजारची जागा तिची वाट बघत होतीच. त्या जागेवर आपली पोर उभी आहे, हे काकूला मनातसुद्धा आणवत नव्हतं.

शाळेनं घेतलेल्या सराव परीक्षेत पोरीनं गणिताचा कागद जवळजवळ कोराच दिला. गणिताचे मास्तर तो कागद हातात धरून गिरणीत आले. गिरणी चालू होती. त्यांनी पोरीला एक प्रश्न विचारला, तिनं पाठोपाठ उत्तर ठोकलं. दुसरा विचारला, त्याचंही दिलं. मास्तर विचारात पडले. मग त्यांनी काकूला खूण करून गिरणी बंद करायला लावली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. पोरगी तोंड उघडून उभी राहिली. मघाचं उत्तर, तिचं तिलाच आठवेना.

"ही गिरणीत पास आहे आणि शाळेत नापास," मास्तर म्हणाले. आता महिनाभर तरी तिचा अभ्यास शांततेत घ्या, असं त्यांनी बजावलं. काकूनं त्यांच्या तोंडाकडे बघून मान हलवली. पोरीनं नंतर ते सगळं तिला पुन्हा सांगितलं, अर्थात गिरणी सुरू झाल्यावर.

काकूनं एक दिवस प्रयत्न केला. सुगीचे दिवस, दारात दळणाची रांग, तरी दुपारी तिनं पट्टा उतरवून ठेवला आणि पोरीसमोर पोत्यावर बसली. शांतता असल्यामुळे पोरगी माणसासारखी हळू बोलली. काकूला तिचे ओठ हलताना दिसले. ओठ थांबले, तेव्हा काकू म्हणाली, "बरोबर आहे."

पोरीनं विचारलं होतं, चुलीवर पाणी ठेवू का.

ती आईकडे बघत राहिली. उठून तिनंच पट्टा चढवला, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दगडाशेजारी उभी राहून ओरडायला लागली, आधीपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं.

म्हणजे शांतता काही जमणार नव्हती. तेव्हा काकूनं उलट्या बाजूनं विचार केला. परीक्षेचं केंद्र शेजारच्या गावात होतं आणि शाळेच्या भिंतीला लागूनच गव्हाचं शेत होतं. गहू कापून गंजी लावलेली होती. आणि मळणीयंत्र होतं काकूच्या धाकट्या दिराचं. काकूनं त्याला गाठलं. गणिताच्या पेपरच्या दिवशी तिथलीच मळणी धर, एवढंच सांगितलं. दीर म्हणाला, त्या शेताचा नंबर पुढच्या आठवड्यातला आहे. काकूला ऐकू आलं नाही. दीर म्हणाला, शेतमालकाला काय सांगू. तेही ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा दीर नुसताच हो म्हणाला. ते मात्र तिला त्याच्या मानेवरून कळलं.

पेपर सुरू झाला आणि यंत्र धडधडायला लागलं. भुसा शाळेच्या कौलांपर्यंत उडत होता. काकू गंजीजवळ उभी राहून पेंढ्या पुढे सरकवत होती आणि तिचं लक्ष खिडकीकडे होतं. मधल्या बाकावर तिची पोरगी मान खाली घालून लिहीत होती. तिचे ओठ हलत होते. काकूला इतकं बरं वाटलं की तिनं दोन माणसांचं काम एकटीनं उरकलं.

थोड्या वेळात केंद्राचे मोठे सर कुंपणाशी आले आणि हातवारे करून बोलू लागले.

"ऐकू येत नाही," काकू म्हणाली.

सरांनी हात तोंडाशी धरून सगळं पुन्हा सांगितलं. काकूनं यंत्राकडे बोट दाखवलं. एवढ्या आवाजात कसं ऐकू येणार, असा तिचा चेहरा होता. सर लाल झाले. शेवटी त्यांनी तिच्या दंडाला धरलं आणि तिला खिडकीजवळ नेऊन उभं केलं.

आपल्या पोरीखेरीज त्या खोलीत आणखी पोरं आहेत, हे काकूनं तोवर पाहिलंच नव्हतं. एकानं दोन्ही कानांत बोटं घातली होती, त्यामुळे त्याला लिहिता येत नव्हतं. एका मुलीच्या कागदावर भुसा साचला होता, ती तो झटकायची, पुन्हा साचायचा. कोपऱ्यातली एक पोर पेन खाली ठेवून रडत होती. तीही कुणाची तरी लेक होती आणि तिलाही कुठंतरी जायचं असणार. काकूला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती शेतात परत गेली आणि दिराला म्हणाली, "भावजी, बंद करा."

"आत्ता? अहो वहिनी, अर्धी गंजी राहिलीय."

"बंद करा म्हटलं ना."

पट्टा थांबला, त्यावरूनच काकूला कळलं की आता शांत झालं असणार. तिनं खिडकीकडे पाहिलं. पोरीनं मान वर केली होती. पेन हवेत होतं. तेच उघडं तोंड, गिरणीत मास्तरांसमोर होतं तसं. काकूनं तोंड फिरवलं आणि खिडकीकडे पाठ करून गव्हाच्या पोत्यावर बसली. पुन्हा वळून बघायची तिची छाती झाली नाही. पोरीची जन्माची वाट आपण आपल्या हातानं लावली, आधी गोंगाटाची सवय लावून आणि आता पट्टा थांबवून, हे तिच्या डोक्यातून जाईना. दिरानं पाणी आणून दिलं, ते तसंच हातात राहिलं.

पेपर सुटला. पोरं फाटकातून बाहेर पडली. पोरगी थेट शेतात आली, आईपुढे उभी राहिली आणि बोलू लागली. काकू ओठ बघत राहिली. काही कळेना. चेहऱ्यावरूनही कळेना, कारण पोरगी हसत नव्हती आणि रडतही नव्हती.

पोरीच्या ते लक्षात आलं. ती थांबली. मग आईच्या कानाशी तोंड नेऊन, गिरणीत ओरडायची तसं, भर शेतात, सगळ्या पोरांदेखत आणि मोठ्या सरांदेखत ओरडली.

"यंत्र बंद झालं आणि डोकं रिकामं झालं. मग मीच मला म्हटलं, ऐकू आलं नाही, परत म्हण. तुझ्यासारखं. दोनदा काही आलं नाही. तिसऱ्यांदा आलं. मग सगळंच आलं. पेपर पुरा केलाय, आई."

फाटकाशी पोरं वळून बघायला लागली. दिरानं हातातलं फडकं खाली ठेवलं. काकू पोत्यावरून उठली, पोरीच्या केसांतला भुसा काढायला लागली. कितीतरी वर्षांत तिला एखादी गोष्ट पहिल्याच खेपेला ऐकू आली होती, शब्दन् शब्द.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "परत म्हण."