चपट्या दांड्यांची पिन

झरीच्या बसवंतरावांनी १९९१च्या उन्हाळ्यात एका परगावच्या कंपनीचा टेबलफॅन टपालानं मागवला. खोकं उघडलं तर पिन चपट्या दांड्यांची. माजघरातल्या बोर्डाच्या गोल भोकांत ती बसेना. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, विकलेला माल बदलून मिळत नाही.

दुपारी घर तापलं तशी त्यांची बायको शिवम्मा वैतागली. "अवो, पिन तोडा अन् वायरीच घाला की. समदे तसंच करायलेत."

त्यांनी तसंच केलं. बटण चालू होतं, ते दोघांनीही पाहिलं नाही. बसवंतराव जागच्या जागी गेले.

पुढं रोज दुपारी शिवम्माला माजघरात पंखा फिरल्यागत ऐकू यायचं. जाऊन बघावं तर पंखा कोपऱ्यात, तुटक्या वायरीचा. त्याच्या पात्यांवर मात्र कधी धूळ बसली नाही.

दीर शिवमूर्तीनं परभणीच्या ग्राहक मंचात तक्रार घातली. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "वायरी घालायला कुणी सांगितलं?"

दिरानं गप्प राहण्याची खूण केली.

"म्या सांगितलं," शिवम्मा म्हणाली. "पर पत्र गेलं तवाच दुसरी पिन धाडली असती, तर मला सांगायची पाळी आली नसती."

मंचानं कंपनीला दोषी धरलं. शिवमूर्तीनं घरी येऊन निकाल वाचला. "वैनी, चूक त्यांचीच ठरली."

"माझं बोलणं लिवलंय का त्यात?"

"लिवलंय."

"तेवढं परत वाचा, मोठ्यानं," ती म्हणाली, आणि माजघराचं दार तिनं आधी उघडून ठेवलं.