विमान उतरेपर्यंत झाडू दाराआड

माझ्या सासूबाईंचा, कौसाबाईंचा, एक नियम आहे. घरचं माणूस गावाला निघालं की ते पोचल्याचा फोन येईपर्यंत घरात झाडू लावायचा नाही. पाहुण्यांना हा नियम नाही. त्यांची पाठ वळली की खुशाल झाडा. माझी नणंद चारुलता याला लहानपणापासून हसत आली. माझे मिस्टर चंदन रेल्वेनं बंगळूरला नोकरीवर जायचे, तेव्हा आम्ही दोन-दोन दिवस कचऱ्यात नांदायचो.

या खेपेला यांनी सुरतहून विमानाचं तिकीट काढलं. "हजारेक किलोमीटर शे आई, पन दोन तासमां बंगळूर!"

"मंग दोन तासना कचरा," आई खूश झाल्या.

नेमकं त्याच दिवशी चारूला पाहायला अक्कलकुव्याचे पाहुणे येणार होते. मुलगा नवनीत. एका लग्नात चारूनं त्याला पाहिलं होतं आणि तेव्हापासून पोरगी आरशापुढून हलत नव्हती. हे जुळावं असं मलाही मनापासून वाटत होतं.

पण पहाटेच घरातला कापूस गाडीत भरून गेला होता, आणि पुढच्या खोलीत ढिगाच्या जागी पालापाचोळा नि कापसाची फुसं उरली होती. त्यात धुक्यामुळे विमान सुरतलाच अडकलं. मी हळूच झाडू उचलला.

"ठेव खाले! मन्हा पोऱ्या आजून जमिनवर शे."

"जमिनवर शे तं भेव कसानं?" मी म्हटलं. आईंनी झाडू हिसकावून दाराआड ठेवला.

"मन्हा लगीनपेक्षा झाडू मोठा शे का?" चारूचे डोळे भरून आले.

तेवढ्यात विमान सुटत असल्याचा यांचा फोन आला आणि पाठोपाठ पाहुणेही आलेच. नवनीतची आई, मीनाबाई, उंबऱ्यातच थांबल्या आणि खोलीभर नजर फिरवली.

"कोन गावले गयं?" त्यांनी विचारलं.

"मन्हा पोऱ्या. इमान आतेच उडनं."

"मंग बराबर शे," म्हणत मीनाबाई खाटेवर बसल्या. "मन्हा घरबी झाडू बंद व्हई. नवनीत, आमी पोचनूत म्हनीसन सांग बरं घर."

नवनीतनं घरी फोन केला आणि मग मोबाईलवर विमानाचा नकाशाच उघडला. आई चष्मा पुसत पुढे सरकल्या. चारू चहाचा ट्रे धरून तिथेच वाकली. "नगर गयं... विजापूर गयं..." नवनीत सांगत होता. शेंगा फुटत होत्या, चहा गार होत होता. मुलीला स्वयंपाक येतो का, मुलाला पगार किती, हे विचारायचं राहूनच गेलं.

"उतरनं!" नवनीत आणि चारू एकदमच ओरडले. यांचा फोन आला, आणि आईंनी पाहुण्यांदेखत झाडू माझ्या हातात दिला. मी लाजेनं अर्धी झाले.

"झाड बेटा, झाड," मीनाबाईंनी पाय वर घेतले.

निघताना त्या आईंना म्हणाल्या, "आमले पोर पसंत शे. पन तिना मनमां काय शे ते इचारा, मंग कळावा."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. झाडल्यानंतर खाल्लेल्या शेंगांची टरफलं खाटेखाली पडली होती. मी झाडू उचलला, तर चारूनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे ना वहिनी. त्या आजून अक्कलकुवाले पोचना नहीत."

आई हसायला लागल्या. "इचारानं व्हतं तुले. आते काय इचारू?"

आमच्या कळसाडीहून अक्कलकुव्याला जायलाही विमानाइतकाच वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही तिघी टरफलांतच बसून राहिलो.