गलबतातली फणी

वैनगंगेनं रीनाला नेलं त्याला दुसरा उन्हाळा लागला, तरी रुखमा लेकीचा जलदानविधी करू देईना. धानाच्या रोवणीला बायांना घेऊन पलीकडे निघालेला डोंगा उलटला. बाकीच्या बाया काठाला लागल्या, हिचं नखही हाती आलं नाही. "सापडली नाई, तं मेली कशी म्हन्ता?" असं म्हणून ती नवऱ्याचं, श्रावणचं तोंड बंद करी. विधीत भंतेजी गाथा म्हणतात आणि घरचे तांब्यातलं पाणी वाटीत ओततात. जिला पाण्यानंच नेलं तिला पाणी द्यायचं? कुणाच्या आईला पटेल हो!

नदी आटली आणि गोंडपिपरीकडच्या पात्रात वाळूखाली एक शिडाचं गलबत निघालं, कधीकाळी व्यापाऱ्यांचा माल घेऊन जाताना बुडालेलं. ते उकरायला पुरातत्त्व खात्यातल्या, चंद्रपूरच्या नाहीद मॅडम आल्या. सोन्याचे हंडे निघतील म्हणून गाव लोटलं, निघाल्या नुसत्या फळ्या, तसं घरी गेलं. रुखमा मात्र मजुरीला लागली. मजुरी निमित्ताला; वाळू उपसली जाईल तशी पोरगी हाती लागेल, ही आशा. फळ्यांवर ओली पोती टाकून पाणी मारत राहायचं, एवढंच तिचं काम.

एका सकाळी लाकडाची फणी निघाली, एकही दात न मोडलेली. मॅडमनी ती पाण्याच्या घमेल्यात ठेवली आणि कामासाठी त्या गोंडपिपरीला गेल्या. रुखमाला राहवेना. एवढी वर्षं बिचारी पाण्यात, अजून किती? घरी फणी धुतली की उन्हातच ठेवतात. तिनं ती पदरानं पुसून दगडावर ठेवली. दुपारी पाहते तर फणी तडकलेली, दात गळून पडलेले.

मॅडम रागावल्या नाहीत, त्यांना रडूच आलं. म्हणाल्या, "पाण्यानंच सांभाळलं होतं तिले, रुखमाबाई. बाहेर काढलं तं टिकत नाई."

रुखमा तुकडे गोळा करत होती, तिचा हात थबकला. नदीनं पोरगी दिलीच, तर ती कशा रूपात देईल, हे तिनं आजवर मनात येऊ दिलं नव्हतं. आता आलं, आणि तिनं ते तुकडे परत घमेल्यातल्या पाण्यात ठेवले. घरी गेल्यावर श्रावणला एवढंच म्हणाली, "भंतेजीले बलावा."

विधीच्या दिवशी रीनाच्या फोटोपुढे मेणबत्ती लागली, गाथा सुरू झाली. रुखमानं पाणी ओतायला घेतलं. वाटी भरली, ताटात सांडली, गाथाही संपली, पण तिचा हात थांबेना. तांब्या रिता झाला तरी ती तो तसाच वाकडा धरून बसली. श्रावण उठला, त्यानं तांब्या माठातून भरून आणला आणि पुन्हा तिच्या हातात दिला.