गुलाबरावांचा कान आणि मी

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. पण खिळे ठोकणाऱ्यांतला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कुणी कॅलेंडर टांगायला मला उचललं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझं काम ठोकण्याचं नसून विचारण्याचं आहे. मी काँक्रीटच्या भिंतीला हलकेच विचारतो आणि भिंत उत्तर देते. आतून भरीव असेल तर 'टण्' असं खणखणीत बोलते. आत पोकळी राहिली असेल तर 'भद्' करते. एवढंच माझं शिक्षण, पण ते पक्कं आहे.

जालंधरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी दिल्लीच्या चावडी बाजारात आलो आणि एका दुकानात धूळ खात पडलो. एके दिवशी गुलाबराव नाफडे नावाचे सरकारी इंजिनिअर तिथे आले. ते नुकतेच महाराष्ट्रातून बदलून दिल्लीला आले होते. त्यांनी मला दुकानाच्या उंबऱ्यावर आपटलं आणि कान देऊन ऐकत बसले. मग पुन्हा आपटलं. दुकानदार वैतागून म्हणाला, "भाईसाब, हथौड़ा है, तबला नहीं!" गुलाबराव हसले आणि मला पिशवीत घालून घेऊन गेले.

आमचं काम मोठं जोखमीचं होतं. जिथे अणुवीज केंद्र उभं राहत असेल, तिथल्या पायाचं काँक्रीट आम्ही तपासायचो. मित्रांनो, अणुभट्टीखालच्या भिंतीत लोखंडी सळया इतक्या दाट असतात की मधून हात जात नाही. त्यात काँक्रीट ओततात आणि थरथरणारी लांब नळी घालून आतली हवा बाहेर काढतात. एखाद्या कोपऱ्यात ती नळी पोचलीच नाही, तर तिथे पोकळी राहते. बाहेरून भिंत अगदी गुळगुळीत दिसते. पुढे जमिनीतलं पाणी त्या पोकळीत शिरतं, सळया गंजू लागतात, आणि ते कुणालाही दिसत नाही, कारण बाहेरून माती भरलेली असते आणि वर सगळी इमारत बसलेली असते. म्हणून माती भरण्याआधी आम्ही जायचो.

माझे ते दिवस फार चांगले गेले. गुलाबराव डोळे मिटून मला भिंतीवर चालवायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, "इथे फोडा." फोडलं की आत पोकळी निघायचीच. लहरी सोडून भिंत तपासणारं एक महागडं मशीनही आमच्याकडे होतं. जिथे शंका येईल तिथे ते लावायचं असा रिवाज पडला होता, आणि शंका घेण्याचा मान गुलाबरावांचा होता. साइटवर सगळे म्हणायचे, "मशीन गलत हो सकती है, नाफडे साहब का कान नहीं." मला थोडा राग यायचा. आवाज मी काढायचा आणि नाव मात्र कानाचं! पण खरं सांगतो, मलाही त्या कानाचा अभिमान होता.

त्याच कानाने दगा दिला. तीस-बत्तीस वर्षं गुलाबराव त्या थरथरणाऱ्या नळ्यांच्या कर्कश यंत्रांशेजारी उघड्या कानांनी उभे राहिले होते. कानात बोळे घाला म्हटलं की ते म्हणायचे, "मग काँक्रीट काय बोलतंय ते कसं कळणार?" दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांची मुलगी तनया रोज ओरडायची.

"बाबा, टीव्ही कमी करा ना यार! खालचे अंकल परत वर येतील. आणि कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या? मी मोजायला सांगितल्या होत्या."

"कुकर लावलाय का?"

"अच्छा, म्हणजे तेही ऐकू आलं नाही. चलो, उद्या डॉक्टरकडे."

"मला सगळं ऐकू येतं. तुम्ही पोरं पुटपुटता," असं म्हणून गुलाबराव मला खिशात टाकून बाहेर पडायचे. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. तेवढे निभावून नेऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं मला कळत होतं.

आमच्यासोबत देवयानी नावाची इंजिनिअर असायची. परभणीकडची मुलगी, आयएएस व्हायला दिल्लीत आली होती. ते जमलं नाही, तेव्हा आमच्या कार्यालयात लागली. तिला हे काम गुलाबरावांनी हाताला धरून शिकवलं. दिवाळीचा फराळ ती त्यांच्याच घरी करायची. परक्या शहरात तिला हे एकच घर होतं.

तो दिवस जानेवारीतला होता. धुकं इतकं दाट की पानिपत मागे टाकायलाच दुपार झाली. पुढे हरियाणातल्या एका साइटवर पायाच्या शेवटच्या भिंतीची तपासणी होती. दिल्लीहून बडे अधिकारी यायचे होते, म्हणून लगेच माती भरायची घाई चालली होती. गुलाबरावांनी मला भिंतीवर चालवायला सुरुवात केली. टण्, टण्, टण्. मी खुशीत होतो. दोन भिंती मिळतात त्या खालच्या कोपऱ्यात आम्ही आलो, आणि भिंत म्हणाली, 'भद्.'

गुलाबरावांचा हात पुढे गेला. एरवी माझ्या दांड्यातूनही त्यांच्या तळहाताला ते कळलं असतं. पण थंडी होती, आणि तनयाने दिलेले जाड लोकरी हातमोजे त्यांनी घातले होते.

मागे उभ्या असलेल्या देवयानीने मात्र ते ऐकलं. ती दोन पावलं पुढे आली. "सर, इथे परत एकदा मारता का?"

त्यांनी मारलं. पुन्हा 'भद्.' मी जीव तोडून वाजलो होतो, मित्रांनो. गुलाबराव म्हणाले, "का? चांगलं तर वाजतंय."

"मशीन लावून बघायचं का, सर?"

गुलाबराव तिच्याकडे वळले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "देवयानी, माझ्या कानावर तुझा भरवसा नाही?"

ठेकेदाराचा माणूस मध्येच बोलला, "मॅडम, साहब ने बोल दिया ना."

देवयानीने मान खाली घातली. "तसं नाही, सर. मलाच नीट ऐकू आलं नसेल."

गुलाबरावांनी खडूने भिंतीवर बरोबरची खूण केली आणि मला खिशात ठेवलं. मला तोंड नाही याचं इतकं दुःख मला कधीच झालं नव्हतं. चार दिवसांनी त्या भिंतीवर काळा लेप चढला, मग माती पडली, मातीवर रोलर फिरला. बडे अधिकारी आले, हार-तुरे झाले, आणि वरचं काँक्रीट ओतायला सुरुवात झाली.

उन्हाळ्यात गुलाबराव निवृत्त झाले. आता लपवायचं काही कारण उरलं नाही, म्हणून ते निमूटपणे तनयाबरोबर डॉक्टरकडे गेले आणि कानात यंत्र बसवून आले. त्या दिवशी घरात आनंदीआनंद होता. त्यांना पंख्याचा आवाज ऐकू आला, शेजारच्या बाईंचं भांडण ऐकू आलं. त्यांनी मला कपाटातून काढलं आणि घरभर भिंती वाजवत फिरले. तनया हसून हसून बेजार झाली. न्हाणीघराच्या एका टाइलवर मी 'भद्' वाजलो, आणि गुलाबराव थबकले.

त्यांनी पुन्हा वाजवलं, मग पुन्हा. हा आवाज त्यांनी कैक वर्षांत ऐकला नव्हता. ते तिथेच स्टुलावर बसले. आपण कुठल्या कुठल्या भिंतींवरून असेच पुढे गेलो असू, हेच त्यांच्या मनात चाललं होतं. थोड्या वेळाने त्यांनी देवयानीला फोन लावला. यंत्राची सवय नव्हती म्हणून फोन स्पीकरवर होता, आणि मी त्यांच्या मांडीवर.

"देवयानी, खरं सांग. त्या दिवशी त्या कोपऱ्यात तुला काय ऐकू आलं होतं? सांगितलंस तर मी आजच वरच्या साहेबांना लिहून देतो, ती भिंत उकरून बघा म्हणून. काय व्हायचं ते होऊ दे माझं."

पलीकडे साइटचा गोंगाट होता; देवयानी चालत बाजूला गेली तसा तो कमी झाला.

"टण् वाजलं होतं, सर."

"नक्की?"

"बिल्कुल. तुम्ही उगाच काळजी करू नका. तब्येतीला जपा."

गुलाबरावांनी मोठा सुस्कारा सोडला. डोळे पुसले आणि तनयाला चहा टाकायला सांगितला. देवयानी असं का बोलली ते मला ठाऊक नाही. म्हाताऱ्या सरांच्या नावाला तिला जपायचं असेल. भिंत पुन्हा उकरायची तर तेव्हा तू गप्प का बसलीस, असं तिलाही विचारलं असतंच. मला तिचा संताप येतो आणि तिची दयाही येते.

मित्रांनो, जुन्या हत्यारांना तेल लावा, त्यांना जपा, असं सांगायची आमची रीत आहे. मी ते सांगणार नाही. मी गंजलो तरी कुणाचं काही बिघडत नाही. तुम्हाला एवढीच विनंती आहे की ज्यांना तुम्ही मानता, त्यांचं चुकलं तर त्यांना तिथल्या तिथे सांगा. त्यांना वाईट वाटेल, ते अबोला धरतील. धरू द्यात.

आमच्या त्या कोपऱ्यासाठी आता मला कसलीच आशा वाटत नाही. तिथे वर इमारत चढते आहे. गुलाबराव रोज सकाळी बाल्कनीत बसून पाखरांचा आवाज ऐकतात आणि रात्री शांत झोपतात. त्या भिंतीबद्दल त्यांनी पुन्हा कुणाला विचारलेलं नाही. विचारणार तरी कुणाला? जिला ठाऊक होतं, तिने त्यांना उत्तर दिलेलं आहे.