हंगेरियनमधून हंगेरियनमध्ये

एमोकेच्या कामाची गरज कागदावरही होती आणि वर्कशॉपातही होती. फक्त दोन्हीकडची कारणं वेगळी होती.

कागदाचं म्हणणं असं: डॅन्यूबच्या उत्तर काठावर, कोमार्नोत, स्लोवाकियाची एक धंदेशिक्षणाची शाळा. दक्षिण काठावर, कोमारोममध्ये, हंगेरीची दुसरी. दोन्हीकडच्या मुलांनी मिळून जुन्या पद्धतीची एक लाकडी होडी बांधायची, खर्च युरोपच्या निधीतून. दोन देश म्हणजे दोन भाषा आणि दोन भाषा म्हणजे एक दुभाषी. अर्ज भरणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंचं हे गणित वरपर्यंत कुणालाही खटकलं नाही. कोमार्नोतही घराघरांत हंगेरियनच बोलतात, हे पूल ओलांडून भाजीला जाणाऱ्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. पण अर्जात तसा रकाना नव्हता.

वर्कशॉपातलं कारण मात्र सोळा आणे खरं होतं. कोमार्नोचे वेंडेल काका आणि कोमारोमचे गाश्पार काका दोघेही मुलांना शिकवायला नेमलेले होड्यांचे सुतार, एकाच उस्तादाच्या हाताखाली रंधा धरलेले, आणि अकरा वर्षं त्यांचा अबोला होता. नदीकाठच्या जत्रेत माशांच्या रश्श्याची स्पर्धा होती आणि गाश्पार काका परीक्षक होते. त्यांनी वेंडेल काकांच्या वाडग्यातल्या शेवया चमच्याने बाजूला सारल्या आणि सगळ्यांदेखत विचारलं, "आणि मासा कुठं पोहायला गेलाय?" झालं. तेव्हापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य.

त्यामुळे वर्कशॉपात रोज असं चालायचं:

"एमोके, त्याला सांग, त्याचा रंधा बोथट झालाय."

"गाश्पार काका, रंध्याला जरा धार लावा म्हणतात."

"ऐकलं मी, बहिरा नाही झालो अजून. त्याला सांग, रंधा ठीक आहे, त्याच्या डोळ्यांना धार लाव म्हणावं."

"वेंडेल काका, चष्मा पुसून एकदा बघा म्हणतात."

"एवढं गोड तो जन्मात बोललेला नाही," वेंडेल काका गुरगुरायचे. "नीट सांगत जा, पोरी. पगार कशाचा घेतेस?"

पगाराचं त्यांनी चेष्टेत काढलं, तरी एमोकेला ती चेष्टा वाटायची नाही. दहा वर्षं व्हिएन्नाच्या हॉटेलात काढून ती आईच्या दुखण्यापायी परत आली होती. वर्कशॉपातून दुपारी घरी जाऊन आईला जेवायला घालता येत होतं. असं दुसरं काम या गावात मिळणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मार्चमध्ये तपासणी आली. निधीवाल्यांनी नेमलेले हासलिंगर साहेब व्हिएन्नाहून येणार होते. मुख्याध्यापिकाबाईंनी एमोकेला कोपऱ्यात घेतलं. "त्यांना जर्मनशिवाय काही येत नाही. दोघं सुतार एकच भाषा बोलतात हे कळलं तर तुझी जागा गेली. तू फक्त बोलत राहा, गं."

एमोके हॉटेलात शिकलेल्या जर्मनमध्ये बोलत राहिली. हासलिंगर साहेब उंच, सभ्य आणि भलतेच चौकस निघाले. खिळा दिसला की खिळ्याविषयी विचारायचे. तासभर सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग वाफेच्या पेटीतून फळी बाहेर काढायची वेळ झाली.

मुलांनी महिनाभर तासलेली ओकची फळी होती. वाफेतून काढली की ती मिनिटभरच नमते, मग हट्टाला पेटते. एक टोक वेंडेल काकांनी धरलं, दुसरं गाश्पार काकांनी, आणि दोघे ती होडीच्या सांगाड्यावर वाकवू लागले.

"एमोके, त्याला सांग, टोक खाली घे!"

"त्याला विचार, किती खाली?"

नेमके तेव्हाच हासलिंगर साहेब तिच्या कानाशी वाकले. "हे लाकूड कुठल्या झाडाचं?"

फळी करकरली. दोघे म्हातारे दोन टोकांना घामाघूम होऊन तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचं भाषांतर आल्याशिवाय एकही हलायला तयार नव्हता. मुलांचे चेहरे पडले. तिने दोनदा निरोप इकडून तिकडे केला असता तर महिनाभराची मेहनत तिच्या डोळ्यांदेखत मोडली असती.

"अहो, एकमेकांशी बोला ना!" एमोके किंचाळली. "दोघांनाही सगळं कळतंय की!"

"गाश्पार, खाली! अजून खाली, गाढवा!"

"घेतोय रे! तू तुझं टोक दाबून धर, नुसता ओरडू नकोस!"

"धरलंय! आता शिकंजा लाव!"

फळी बसली. मुलांनी टाळ्या पिटल्या. एमोकेने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"हे आत्ता कुठल्या भाषेत बोलले?" हासलिंगर साहेबांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. पण फळी वाचली होती आणि तिला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "हंगेरियनमध्ये."

"दोघेही?"

"जन्मापासून."

"मग तुम्ही कशातून कशात भाषांतर करता?"

"हंगेरियनमधून हंगेरियनमध्ये, साहेब."

साहेबांनी वही उघडली.

"काय लिहितोय तो?" वेंडेल काकांनी विचारलं.

"माझी गरज नाही, असं."

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, अगदी सरळ डोळ्यांत. मग वेंडेल काकांनी हात पुसले आणि घसा खाकरला.

"एमोके, त्याला सांग, फळी बसली ती माझ्यामुळे."

"त्याला सांग," गाश्पार काका मिशीतलं हसू दाबत म्हणाले, "मघाशी तोंडातून निघून गेलं ते गेलं. आता या जन्मी मी त्याच्याशी बोलणार नाही."

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं. तिने शब्दाला शब्द सांगितलं.

हासलिंगर साहेबांनी वहीतून मान वर करून दोघांना न्याहाळलं. "माझं आणि माझ्या सासूबाईंचं तेरा वर्षं असंच चाललंय," ते म्हणाले. "मधलं काम बायको करते. तेही फुकट."

त्यांनी लिहिलेली ओळ खोडली आणि तिच्याखाली नवी लिहिली: दुभाषी आवश्यक.

एमोकेला हसू आणि रडू एकदमच आलं.

"त्याला सांग, पोरीला रडवलंस," वेंडेल काका गाश्पार काकांकडे बोट दाखवत म्हणाले.

तिने नाक पुसलं आणि इमानेइतबारे भाषांतर केलं.